मोहपाड्याची स्वच्छ हवा

माझं काम कागद तोलण्याचं. असं सांगितलं की चिखले गावातले आमचे शेजारी अजूनही विचारतात, उमेश, रद्दी काय भावाने घेतोस? मी आता समजावणं सोडून दिलंय. डहाणूच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. कोळशावर वीज करणाऱ्या केंद्राभोवतीच्या गावांत हवा ओढणारी यंत्रं बसवलेली आहेत. यंत्रात पांढरा कागद लावायचा, यंत्राने दिवसभर हवा ओढायची, हवेतली धूळ त्या कागदावर बसायची. मग कागद माझ्याकडे येतो. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांत जो फरक पडतो, तेवढी त्या गावाच्या हवेतली धूळ.

अकरा वर्षांत असे हजारो कागद माझ्या हाताखालून गेले. काही चुरगळलेले, काहींवर बोटांचे ठसे, एकावर तर चहाच्या कपाचा गोल डाग. सोबतच्या फॉर्मवर शेऱ्याचा एक रकाना असतो. यंत्र चालू असताना आजूबाजूला काय घडलं ते त्यात लिहायचं. सगळी गावं त्यात एकच लिहितात, 'सर्व ठीक'. आग लागली तरी 'सर्व ठीक', पूल वाहून गेला तरी 'सर्व ठीक'. अशा लोकांचा मला संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

मोहपाड्याचा कागद मात्र वेगळा असायचा. चारही कोपरे सरळ, मधे बोट लागलेलं नाही, वेळ मिनिटाला धरून. आणि शेरा वाचण्यासारखा. 'दुपारी दोन ते चार लाइट नव्हती.' 'चिमणीचा धूर आमच्याकडे वळलेला.' 'यंत्राच्या टोपीवर कावळा बसला, हाकलला.' आणि प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी, एकदाही न चुकता, 'अंगण साफ.' खाली सही, शुक्री हाल्या वरठा.

डहाणूहून तलासरीकडे जाताना हायवे ओलांडून पूर्वेला डोंगराकडे वळलं की मोहपाडा लागतो. चाळीसेक घरं, भात आणि नाचणीची शेती, उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. शुक्रीकाकी साठीच्या पुढची, चौथी शिकलेली, अंगाने काडी आणि आवाजाने ढोल. पाड्यावर तिचा शब्द कोणी मोडत नाही. तिचा मुलगा विनोद वीज केंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या विभागात कामाला, आणि विनोदची पोर रोशनी, सहा वर्षांची, आजीच्या पदराला बांधलेली. नवरा हाल्या शांत माणूस. अशा बायकोबरोबर चाळीस वर्षं काढायची तर दुसरा इलाजही नव्हता.

काकी सगळ्यांना तू म्हणते. पाड्यावरच्या बोलीत देवालाही तूच, मग साहेबाला वेगळं कशाला? सुरुवातीला मी तिला अहो-जाहो करायचो, तर तिने एकदा विचारलं की मी तुझं काय बिघडवलंय. तेव्हापासून मीही तू म्हणतो.

यंत्र बसवायला मीच गेलो होतो. अंगणवाडीच्या बुटक्या स्लॅबवर ते ठेवलं. कपाटासारखी उभी पेटी आणि वर दोन बाजूंना उतरतं छप्पर, त्यामुळे पाड्याला ते पहिल्या दिवसापासून लहान देवळासारखं वाटलं. काकीला शिडीवर चढवून कागद कसा लावायचा ते शिकवलं आणि निघताना सांगितलं, "काकी, हे फार जपायचं. याला धूळ-धूर लागता कामा नये." मला म्हणायचं होतं की आतल्या मोटरची काळजी घे, वर गोणपाट वाळत घालू नको. ते वाक्य बोलून मी स्कूटर सुरू केली आणि विसरून गेलो.

यंत्र आठवड्यातून दोनदा चालायचं, सोमवारी आणि गुरुवारी. मी कागद घ्यायला दुसऱ्या दिवशी जायचो. अंगणवाडीपुढची जमीन नेहमी चोपून-सारवून बसलेली, पायाखाली गारवा. मला ते आवडायचं. बरं वाटायचं की जिल्ह्यात एक तरी जागा नीटनेटकी आहे.

काकीला प्रश्न फार. राख चिमणीतून बाहेर का पडत नाही, हे तिने विनोदकडून आधीच काढून घेतलं होतं. विजेने भारलेल्या पत्र्यांना राख चिकटते, ती खाली पाडून टँकरने सिमेंटवाल्यांकडे जाते. गंधकाचा वायू खारं पाणी वापरून धुतात, हे मी सांगितलं. मग उरलं काय, तिने विचारलं. मी म्हटलं, कार्बन. कोळसा जळला की तो होणारच, सगळ्यांत जास्त तोच निघतो, आणि त्याला अजून तरी कोणी धरून ठेवत नाही. त्याने पृथ्वी तापते, पाऊस पुढे-मागे होतो. तिने बराच वेळ विचार केला. पुढच्या फॉर्मवर शेरा होता, 'कार्बन बघितला. दिसला नाही. अंगण साफ.' मी प्रयोगशाळेत एकटाच हसत बसलो होतो.

गेल्या एप्रिलमध्ये मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. रोशनीला दोन वर्षांपासून खोकला होता. रात्र-रात्र बसून काढायची, छातीत शिट्टी वाजायची. दवाखान्यात न्यायचं तर आधी हायवेपर्यंत चालत, मग मिळेल त्या टमटमने. वाफ दिली की पोर दोन दिवस बरी, पुन्हा तेच. त्यात बातमी आली की धुळीच्या गावांत छाती तपासणारी गाडी फिरणार आहे. गाडीत डॉक्टर, वाफेचं मशीन, औषधं, दर पंधरा दिवसांनी पाड्यावर. कोणत्या गावांत जायचं ते जिल्ह्याची एक समिती ठरवणार होती. काकीने पाड्यावर सांगूनही टाकलं की गाडी येणार, चिंच तोडून जागा करायची का ते बघा.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा झाली. समितीच्या अभियंता हर्षदा मॅडम तरुण, कामाला चोख, मोजकं बोलणाऱ्या. नियम त्यांनी सरळ सांगितला. धुळीची वर्षाची सरासरी साठच्या वर असेल ते गाव यादीत. मग एकेक गाव वाचलं. मोहपाड्याची अकरा वर्षांची सरासरी निघाली एकेचाळीस. सगळ्या ठिकाणांत सर्वांत कमी. मॅडम म्हणाल्या की इतर गावांची हवा किती बिघडली हे आम्ही मोहपाड्याशीच ताडून बघतो, पाड्याचं अभिनंदन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकीने पण वाजवल्या, दोन-तीनदा, मग तिचे हात थांबले. आकडे तिच्याच कागदांवरून आलेले, म्हणून भांडायलाही जागा नव्हती. तिने एवढंच विचारलं की मग ही पोर खोकते ती काय हौसेने? यादीवर सह्या आठ दिवसांनी होणार होत्या, आणि पुढची यादी तीन वर्षांनी.

मी घरी आलो तो चिडूनच. आकडा माझा, तोललेला माझ्या तराजूवर, आणि तराजू दर महिन्याला तपासलेला. पोर खोकते हेही खरं. दोन्ही खरं असेल तर मधे कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हटलं, यंत्रच एकदा चालताना बघू. अकरा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. गुरुवारी, यंत्राच्या दिवशी, उजाडता उजाडता मोहपाड्यावर पोचलो.

पाड्याच्या तोंडाशीच स्कूटर थांबवावी लागली. रस्त्यावर बाभळीच्या काट्यांची फांदी आडवी टाकलेली. हा रस्ता कच्चा, खडीच्या खाणीचे ट्रक इथूनच जातात. पलीकडे एक ट्रक माघारी वळून लांबच्या वाटेने निघाला होता, ड्रायव्हर सवयीचा दिसत होता. पुढे गेलो तर अंगणवाडीपासून विहिरीपर्यंत बायका ओळीने सडा घालत होत्या. स्लॅब धुतलेला, यंत्राची टोपी ओल्या फडक्याने पुसलेली. पाड्यावरचा रघ्या आपल्या शेतावरून परत येत होता. भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. रघ्याचा राब रचून तयार होता. मी विचारलं, भाजत का नाहीस? तो म्हणाला, आज कसा भाजू, यंत्राचा वार हाय.

यंत्राचा वार! गावदेवाची पूजा झाली की काही दिवस पाड्यावर कोणी नांगर धरत नाही. तसे सोमवार-गुरुवार पाळले जात होते. राब नाही, कचरा पेटवायचा नाही, ट्रक नाही, अंगणवाडीजवळच्या चार घरांनी चूलसुद्धा मागल्या बाजूला नेऊन मांडलेली. चाळीस घरं, अकरा वर्षं, आणि एकानेही वार मोडला नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी काकीवर ओरडलो, सगळ्या बायकांसमोर. "काकी, हे काय करून ठेवलंस? हवा आहे तशी मोजायची असते. तू धुऊन-पुसून मोजायला दिलीस."

ती शिडीवर होती, हातात नवा कागद, दोन बोटांत कडेने धरलेला. तिने कागद आधी नीट बसवला, झाकण लावलं, मग उतरली. "तूच बोललास, याला धूळ-धूर लागता कामा नये. बोललास की नाय?"

बोललो होतो. आणि नंतर आठवलं ते आणखी वाईट होतं. अकरा वर्षं माझ्या समोर 'अंगण साफ' लिहून येत होतं. मी तो शब्द वाचत होतो आणि त्या गार जमिनीवरून खुशाल चालत जात होतो. ज्यांना मी 'सर्व ठीक'वाले म्हणून हिणवायचो त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला?

काकी शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. बायका घागरी घेऊन तशाच उभ्या होत्या. तिला समजायला वेळ लागला नाही, कारण ती माझ्यापेक्षा हुशार आहे. घरी पाहुणा आला तर आपण फाटकी गोधडी आत सारतो, नवी चटई काढतो. तेच त्यांनी केलं होतं. "म्हणजे रोज पोर एक हवा खाते, आन यंत्राला आम्ही पाहुण्याची हवा देतो," ती म्हणाली. घरातून रोशनीच्या खोकल्याचा आवाज येत होता.

मी तिला सोपी वाट सुचवली. सोपी वाट सुचवण्यात माझ्यासारख्या पगारी माणसाचा हातखंडा असतो. आजपासून सडा बंद कर, म्हटलं, आकडे आपोआप चढतील, तीन वर्षांनी पाडा यादीत येईल, कोणाला काही सांगायला नको. विनोदही कामावरून आल्यावर तेच म्हणाला, पण वेगळ्या कारणाने. आया, तू गेलीस सांगायला तर ते म्हणतील आदिवासींनी यंत्राशी खेळ केला. यंत्र उचलून नेतील, तुझं नाव खराब होईल, माझ्या कामावरही बोट दाखवतील. मला त्याचं म्हणणं पटत होतं. खरं सांगायचं तर मला माझ्या नोकरीचीही भीती वाटत होती.

काकीने दोघांचं ऐकून घेतलं आणि रोशनीची पाठ चोळत विचारलं, "तीन वर्षं ही काय करील?"

सह्यांच्या दिवशी ती तलासरीला आली, तीही डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत काय ते कोणालाच सांगेना. मी बरोबर गेलो होतो. एवढं श्रेय मला द्या. समितीच्या कचेरीत हर्षदा मॅडमच्या टेबलावर यादी ठेवलेली होती. काकीने पाटी खाली ठेवली, वरचं फडकं काढलं. आत पाड्याच्या रस्त्यावरची माती होती, मैद्यासारखी बारीक. तिने मूठ भरून घेतली आणि उंचावरून सोडली. टेबल, यादी, मॅडमचा चष्मा, सगळ्यावर धूळ बसली. शिपाई धावला, तर मॅडमनी त्याला हाताने थांबवलं.

"ही आमची हवा," काकी म्हणाली. "तुझ्या कागदावर हाय ती नाय. अकरा वर्षं मी सडा घातला, ट्रक अडवले, राब थांबवला. मला वाटलं यंत्राची सेवा करते. चूक माझी. तो आकडा खोडून टाक."

मग मी बोललो, की सूचना मी दिली होती आणि शेरे मी वाचत होतो, तेव्हा चूक तिच्या एकटीची नाही.

मॅडम चिडल्या. चिडणारच. मोहपाड्याच्या आकड्याशी ताडून त्यांच्या समितीने अकरा वर्षांचे अहवाल लिहिले होते. शेजारी बसलेला एक सल्लागार म्हणाला की मग या ठिकाणावर भरवसाच नको, यंत्र दुसरीकडे हलवा. शिवाय धूळ तुमच्याच राबाची निघाली तर? चिमणीचा काय संबंध?

मला वाटलं, संपलं. काकी मात्र सभेत टाळ्या वाजवताना अडखळली होती तशी आता अडखळली नाही. "यंत्र ने, पण आधी एक महिना आमची रोजची हवा ओढून ने," ती म्हणाली. "राब आमचा, चूल आमची, ट्रक खाणीचे, धूर चिमणीचा. सगळ्यांचं बसू दे कागदावर. कोणाचं किती ते मागाहून वाटा. पोरीच्या छातीत जाताना ते वाटण्या करून जात नाय."

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. सह्या महिनाभर पुढे ढकलल्या. मी स्वतः दर खेपेला हजर राहायचं, असा हुकूम मला झाला. शिक्षा म्हणून असेल, पण मला ती बक्षिसासारखी वाटली.

सडा न घालणं किती कठीण असतं ते मी त्या महिन्यात पाहिलं. पहिल्या सोमवारी बायका घागरी घेऊन आल्याच. काकीने परत पाठवल्या. तिचे स्वतःचे हात सारखे केरसुणीकडे जायचे, म्हणून तिने केरसुणी शेजारच्या विनोदच्या घरात ठेवून टाकली. काट्यांची फांदी निघाली, ट्रक धूळ उडवत गेले. रघ्याने राब भाजला, एका गुरुवारी तर तिघांनी. काकी शेऱ्यात सगळं लिहायची, कोणाचा राब, किती वाजता, वारा कुठून, चिमणीचा धूर कुठे. रकाना पुरेना म्हणून मागच्या कोऱ्या पानावर गेली. कुठेच राब नव्हता आणि ट्रकही बंद होते अशा दोन दिवसांचेही कागद आले, तेही पांढरे नव्हते. ते मी मॅडमकडे वेगळ्या पाकिटात दिले, कारण वाटणी करायची तर ती तिथून सुरू होणार होती.

महिन्याची सरासरी निघाली सत्त्याण्णव. मी सगळे कागद तीनदा तोलून पाहिले. जुन्या अकरा वर्षांच्या आकड्यांपुढे मला एक ओळ लिहावी लागली, की हे आकडे धरू नयेत. एवढे देखणे कागद मी पुन्हा पाहणार नव्हतो. यादीच्या शेवटी मॅडमनी पेनाने मोहपाडा लिहिलं आणि बाजूला सही केली. वर्षभर मोजणी चालू राहील आणि यंत्र शुक्रीबाईच चालवतील, हेही त्यांनी लिहून वाचून दाखवलं. बाई हा शब्द ऐकून काकीला हसू आवरेना.

गाडी आली मे महिन्याच्या शेवटी, आणि आली नेमकी गुरुवारी. कागद लावून झाला होता, मोटर घुमत होती. चिंच न तोडताही जागा पुरली. काकीच्या घरी पाहुणा यावा आणि दारात सडा नसावा, असं तिच्या जन्मात घडलं नव्हतं. ती दोनदा विहिरीपर्यंत गेली आणि दोनदा रिकामी घागर घेऊन परत आली. डॉक्टर उतरले तेव्हा त्यांचे बूट घोट्यापर्यंत मातीने भरले. ती त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. असे हात जोडताना मी तिला समितीपुढेही पाहिलं नव्हतं.

"रागावू नको," ती म्हणाली. "आज यंत्राचा वार हाय. अंगण असंच ठेवलंय."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी रोशनीला गाडीच्या पायरीवर बसवलं, नाकातोंडावर वाफेचा मुखवटा धरला. दहा मिनिटांत छातीतली शिट्टी बारीक होत गेली आणि मग थांबली. पोर आजीकडे बघून मुखवट्याच्या आतून हसली. काकीने पदर डोळ्यांना लावला, मग शिडीवर चढून यंत्रावरचं घड्याळ बघून आली.

तो कागद दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आला. चारही कोपरे सरळ, मधे बोट लागलेलं नाही, रंग चुलीतल्या राखेसारखा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सकाळी दहा वाजता डॉक्टरची गाडी आली. तिने पण धूळ उडवली, ती यात आहे. अंगण साफ नाही.'